‘भूत’ आजही घाबरवतो. पण त्यातला डॉक्टर का हरतो?

पिपरी मेघे वर्धा शहराला इतकं चिकटलेलं आहे, की शहर कुठं संपलं आणि गाव कुठं सुरू झालं हे नव्या माणसाला सांगावं लागतं. सावंगी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे या गावांचंही तसंच. शिकायला आलेली मुलं, बदलीवर आलेली कुटुंबं, भाड्याच्या खोल्या, नवे फ्लॅट. दार लावून घेतलं की शेजारी आधी कोण राहत होतं, ते का गेलं, याची कुणाला खबर नसते. घर स्वस्तात मिळालं, एवढंच पुरतं.

राम गोपाल वर्मा यांचा ‘भूत’ नेमका इथूनच सुरू होतो. ३० मे २००३ ला हा सिनेमा प्रदर्शित झाला. तेव्हा तो थिएटरच्या अंधारात पाहिला गेला. आज तो रात्री अकरा वाजता, दिवा घालवून, पांघरुणातल्या मोबाइलवर पाहिला जातो. दोन दशकं उलटली तरी तो घाबरवतो. हिंदीतल्या भयपटांचा विषय निघाला की पहिल्या पाच नावांत त्याचं नाव येतंच.

पण त्या भीतीबरोबर सिनेमा प्रेक्षकाच्या हातात एक निकालही देऊन जातो. घरातली बाई वेगळी वागू लागली, की डॉक्टरच्या हातात काही नसतं आणि मांत्रिकाच्या हातात सगळं असतं, हा तो निकाल. सिनेमा म्हणून ‘भूत’ला किती गुण द्यायचे आणि त्या निकालाचं काय करायचं, याचा हा हिशेब.

(सूचना : पुढे कथेचा शेवट उघड केला आहे. २०२० मधला विकी कौशलचा ‘भूत : पार्ट वन’ हा वेगळा सिनेमा आहे, आणि २०१२ चा ‘भूत रिटर्न्स’ही वेगळा.)

गोष्ट काय आहे?

विशाल (अजय देवगण) आणि स्वाती (उर्मिला मातोंडकर) हे तरुण जोडपं. मुंबईतल्या उंच इमारतीत त्यांना एक प्रशस्त फ्लॅट फारच कमी पैशांत मिळतो. कमी पैशांत का, ते विशालला माहीत असतं. आधी तिथं राहणारी मनजीत ही तरुणी बाल्कनीतून पडून मेली होती आणि तिचा लहान मुलगाही गेला होता. विशाल ही गोष्ट बायकोला सांगत नाही. भुताखेतांवर त्याचा विश्वास नाही, मग उगाच तिला कशाला घाबरवायचं, असा त्याचा हिशेब.

काही दिवसांत स्वातीला ते कळतं आणि ती चिडते. मग तिला घरात एक बाई दिसू लागते. ती झोपेत चालू लागते. एका रात्री इमारतीच्या वॉचमनचा खून होतो आणि इन्स्पेक्टर कुरेशी (नाना पाटेकर) दारात येऊन उभा राहतो. विशाल मानसोपचारतज्ज्ञ डॉ. राजन (व्हिक्टर बॅनर्जी) यांना बोलावतो, पण त्यांना काही उमगत नाही. शेवटी मोलकरीण सरिता (रेखा) या मांत्रिक बाईला घेऊन येते आणि गुंता सुटतो. मनजीतचा मृत्यू हा अपघात नव्हता. घरमालकाचा मुलगा संजय (फरदीन खान) तिच्यावर डोळा ठेवून होता. त्याच्या हातून ती मेली आणि तिच्या मुलाला वॉचमनने मारलं. मनजीतचा आत्मा स्वातीच्या अंगात येऊन सूड मागत असतो.

यात नवीन काय होतं?

२००३ पर्यंत हिंदी भयपट म्हटलं की एक ठरलेलं सामान असायचं. पडका वाडा, करकरणारं फाटक, धुकं, कंदील घेतलेला म्हातारा नोकर आणि मधूनमधून गाणी. प्रेक्षकाला एक दिलासा असायचा, की भूत तिकडं दूर हवेलीत आहे आणि आपण इकडं घरात आहोत.

वर्मा यांनी हा दिलासा काढून घेतला. ‘भूत’मध्ये हवेली नाही. सोफा आहे, टीव्ही आहे, लिफ्ट आहे, आरसा आहे, पाणी प्यायला रात्री उठून जायचा पॅसेज आहे. एकही गाणं नाही. गाणं आलं की प्रेक्षक पाय मोकळे करतो, शेजाऱ्याशी बोलतो, भीतीची पकड सुटते. इथं ती सोय ठेवलेलीच नाही.

त्यांनी ही तयारी आधीपासून केली होती. १९९२ च्या ‘रात’मध्ये त्यांनी मध्यमवर्गीय घरात भूत आणलं होतं. १९९९ च्या ‘कौन’मध्ये उर्मिलाला एका बंद घरात ठेवून केवळ तिच्या चेहऱ्यावर दीड तास ताण टिकवला होता. ‘भूत’ हे दोन्हीची बेरीज आहे. ‘रात’मधलं भूत आणि ‘कौन’मधली कोंडलेली बाई.

या सिनेमाचा सगळा भार उर्मिलाने उचलला आहे. अंगात आलेल्या बाईचं काम करताना मोठ्याने किंचाळणं सोपं असतं. त्याआधीचा भाग कठीण असतो. आपल्याला काहीतरी दिसलं, पण ते बोललो तर कुणी खरं मानणार नाही, हे कळलेल्या बाईचा चेहरा. तो चेहरा तिने अचूक पकडला. समीक्षकांच्या पसंतीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार तिला याच भूमिकेसाठी मिळाला. नाना पाटेकर, तनुजा, सीमा बिस्वास यांची कामं छोटी आहेत, पण त्यांच्यामुळे घरात खरी माणसं वावरताहेत असं वाटतं.

मोबाइलवर पाहिला तर भीती कमी का वाटते?

‘भूत’मध्ये जेवढं डोळ्यांना दिसतं, त्याहून जास्त कानाला दिलेलं आहे. पार्श्वसंगीत सलीम-सुलेमान यांचं. बऱ्याच प्रसंगांत पडद्यावर काहीच घडत नसतं. रिकामी खोली असते आणि खाली कुठंतरी एक जाड, घुमणारा आवाज सुरू असतो.

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. यातले खालचे, म्हणजे घुमणारे आवाज काढायला स्पीकरला बरीच हवा ढकलावी लागते. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. काही शे हर्ट्झच्या खाली त्याचा जोर संपतो. त्यामुळे थिएटरमध्ये जो आवाज छातीत जाणवायचा, तो मोबाइलमधून बाहेर पडतच नाही. उरतात ती किंकाळी आणि दणका. मग प्रेक्षक म्हणतो, ‘नुसता आरडाओरडा आहे.’ दोष सिनेमाचा नसतो, स्पीकरचा असतो. बऱ्यापैकी हेडफोन लावून पाहिला तर सिनेमा वेगळाच वाटतो.

दुसरी गोष्ट आवाजातल्या अंतराची. वर्मा आधी सगळं शांत करतात. इतकं शांत, की संवाद ऐकायला प्रेक्षक स्वतःच आवाज वाढवतो. आणि मग दणका येतो. अचानक मोठा आवाज झाला की अंग दचकतं. ही क्रिया विचाराच्या आधी होते. ‘हा सिनेमा आहे’ हे मेंदूला आठवेपर्यंत मान आखडलेली असते, हृदयाचे ठोके वाढलेले असतात. मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटा भाग धोक्याची घंटा वाजवतो आणि शरीरात अ‍ॅड्रेनलिन सुटतं. म्हणून चौथ्यांदा पाहतानाही त्याच जागी दचकायला होतं.

इथं ‘भूत’चा एक गुण वजा करावा लागतो. पहिल्या तासात हे हत्यार जपून वापरलंय. उत्तरार्धात ते इतक्या वेळा चालतं, की कान सरावतात. फरदीन खानचा प्रवेश झाल्यावर भयपट संपतो आणि सूडकथा सुरू होते. भूत कोण, त्याला काय हवं आहे, हे एकदा कळलं की त्याची भीती निम्मी होते. हा नियम जुनाच आहे आणि ‘भूत’ त्यातून सुटत नाही.

खरी भीती कुठं आहे?

मनजीतचं भूत बाजूला काढून सिनेमा पाहिला तर काय उरतं?

एक नवरा बायकोपासून महत्त्वाची गोष्ट लपवतो. बायकोला ती दुसरीकडून कळते. तिचा विश्वास जातो. ज्या घरात ती दिवसभर एकटी राहणार आहे, त्या घराची माहिती तिलाच दिलेली नाही. नंतर ती ‘मला इथं कुणीतरी दिसलं’ म्हणते तेव्हा तिला भास समजून गप्प केलं जातं. दुसरीकडे, याच घरात एक विधवा मुलाला घेऊन राहत होती. तिच्यावर मालकाच्या मुलाची नजर होती. ती मेली तेव्हा सगळ्यांनी आत्महत्या म्हणून विषय मिटवला आणि फ्लॅटचं भाडं कमी केलं.

म्हणजे या सिनेमात दोन बाया आहेत आणि दोघींचंही कुणी ऐकत नाही. एक मेल्यावर बोलते, दुसरी तिच्या आवाजात बोलते. भूत नसतं तरी ही गोष्ट तितकीच भयानक होती. ‘भूत’ला अभिजात म्हणावं ते या भागासाठी. पुढे २०१६ मध्ये विशाल फुरिया यांनी पूजा सावंतला घेऊन मराठीत ‘लपाछपी’ केला. उसाच्या फडात अडकलेली गरोदर बाई आणि त्यामागे स्त्रीभ्रूणहत्येचं पाप. तिथंही भुतापेक्षा जिवंत माणसं जास्त भीतीदायक ठरली. ती वाट ‘भूत’ने आधीच दाखवून ठेवली होती.

मग अडचण काय आहे?

अडचण मध्यंतरानंतरची. स्वाती झोपेत चालते, वेगळ्या आवाजात बोलते, घरच्यांना ओळखत नाही. मानसोपचारतज्ज्ञ येतो, दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाची शक्यता मांडतो आणि निरुत्तर होतो. सिनेमा त्याला अडाणी ठरवत नाही, पण निरुपयोगी ठरवतो. मोलकरणीला जे दिसतं ते डॉक्टरला दिसत नाही. सरिता मात्र पाऊल टाकताच ओळखते.

वास्तवात यातल्या प्रत्येक लक्षणाला वैद्यकशास्त्रात नाव आहे. झोपेत चालणं बहुतेक वेळा रात्रीच्या पहिल्या भागातल्या गाढ झोपेत घडतं आणि सकाळी माणसाला आठवत नाही. लहान मुलांत ते जास्त दिसतं आणि वाढत्या वयाबरोबर बऱ्याचदा थांबतं. मोठ्या माणसात नव्याने सुरू झालं तर मात्र डॉक्टरला दाखवावं लागतं. ताण, अपुरी झोप, काही औषधं यामुळेही ते होऊ शकतं. जाग आलीय पण हात हलत नाही, छातीवर कुणी बसलंय असं वाटतं, हा ‘निद्रा पक्षाघात’. स्वप्नांच्या झोपेतून मेंदू जागा होतो आणि शरीर मागे राहतं, म्हणून ते घडतं. बहुतेकदा काही सेकंद ते एक-दोन मिनिटांत तो आपोआप सुटतो.

अंगात येण्यालाही जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जागा आहे. माणसाची स्वतःची ओळख तात्पुरती बाजूला पडते आणि दुसरीच कुणी शक्ती आपल्याला चालवते आहे असं त्याला वाटतं. एखाद्या समाजाच्या धार्मिक विधीत स्वेच्छेने अंगात येत असेल आणि त्याचा त्रास होत नसेल, तर त्याला आजार म्हणत नाहीत, हेही त्यात स्पष्ट केलं आहे. श्रद्धा आणि आजार यांच्यातली रेघ वैद्यकशास्त्राने आखून ठेवली आहे.

आणि कधी कधी ‘बाहेरचं’ वाटणारं आजारपण निव्वळ शरीराचं असतं. फेफरं, मेंदूला झालेला संसर्ग, तीव्र ताप, रक्तातलं सोडियम कमी होणं, थायरॉइडचा बिघाड. बाळंतपणानंतर काही दिवसांत बाई अचानक असंबद्ध बोलू लागली, झोपेनाशी झाली, बाळाबद्दल विचित्र शंका घेऊ लागली, तर ती तातडीची वेळ असते. आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. तिथं दृष्ट काढण्यात गेलेले दोन दिवसही महागात पडतात.

‘सिनेमाच तर आहे, एवढं काय?’

हा आक्षेप रास्त आहे. भयपटात भूत असणारच. ‘भूत’ला आरोग्य खात्याच्या माहितीपटाची फुटपट्टी लावणं हा अन्याय होईल. सिनेमा पाहून कुणी लगेच मांत्रिकाकडे धावत नाही, प्रेक्षक तेवढा शहाणा असतो.

पण सिनेमा सवय लावतो. पोलीस उशिरा येणार, वकील टेबलावर हात आपटणार, तसा मानसोपचारतज्ज्ञ चष्मा पुसत ‘हे विज्ञानाच्या पलीकडचं आहे’ म्हणणार, हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं. एरवी त्याने काही बिघडत नाही. घरात प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा हीच डोक्यात बसलेली चित्रं आधी वर येतात. ‘दवाखान्यात नेऊ, पण एकदा बाहेरचंही पाहून घेऊ’ हे वाक्य विदर्भातल्या किती घरांत बोललं गेलं असेल!

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं आढळलं. म्हणजे दहा जणांमागे एक. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत हे सर्वेक्षण केलं होतं. सायकोसिससारख्या आजारात उपचार जितके उशिरा सुरू होतात, तितकं बरं होणं अवघड जातं. ‘आधी बाहेरचं पाहू’ याची किंमत अशी मोजावी लागते.

ही किंमत कुठवर जाऊ शकते, हे ‘भूत’ येण्याच्या दोन वर्षं आधी देशाने पाहिलं होतं. तामिळनाडूतल्या एरवाडी इथं ६ ऑगस्ट २००१ ला मनोरुग्णांना ठेवलेल्या एका आश्रमाला आग लागली. २८ रुग्ण मेले. साखळदंडाने बांधलेले असल्याने त्यांना पळता आलं नाही. दर्ग्याच्या दुव्याने बरं वाटेल या आशेने घरच्यांनी त्यांना तिथं आणून सोडलं होतं.

पिपरी मेघेचा याच्याशी काय संबंध?

संबंध अंतराचा आहे. गावात उपचार नाहीत, म्हणून लोक भगताकडे जातात, असं आपण म्हणतो. राज्याच्या अनेक तालुक्यांत ते खरंही आहे. पिपरी मेघेत ते कारण चालत नाही. शेजारच्या सावंगी मेघेत १९९० पासून वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. दुसरीकडे सेवाग्रामला १९६९ मध्ये सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि तिचं कस्तुरबा रुग्णालय. वर्ध्यात जिल्हा रुग्णालय आहे. राज्य सरकारच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक नागपूरला, म्हणजे सव्वा-दीड तासाच्या वाटेवर.

ऑटोने जाता येईल एवढ्या अंतरात दोन वैद्यकीय महाविद्यालयं असणारी गावं महाराष्ट्रात फार नाहीत. तरीही मानसोपचार विभागाची पायरी चढताना माणूस ओळखीचं कुणी पाहत नाही ना, हे आधी बघतो. दवाखाना जवळ आहे, त्याच्या आड लाज उभी आहे. मांत्रिकाकडे गेलं तर ‘पोरीला बाहेरचं लागलं’ एवढंच होतं, दोष भुताचा. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं तर ‘पोरगी वेडी’ होते आणि तिचं लग्न अडतं. भुताची सबब घराण्याला सोयीची पडते. ‘भूत’सारखा ताकदीचा सिनेमा या सोयीला आणखी एक दाखला पुरवतो.

कायदा काय म्हणतो?

‘भूत’ आला तेव्हा महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा नव्हता. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कायदा मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे त्यात गुन्हे आहेत. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. घरची पूजा, वारी, कीर्तन, प्रदक्षिणा याला हा कायदा हात लावत नाही.

या कायद्यात दक्षता अधिकारी म्हणून जबाबदारी पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यावर आहे. म्हणजे आजच्या काळात ही गोष्ट घडली असती, तर नाना पाटेकरच्या इन्स्पेक्टर कुरेशीला खुनाबरोबर मांत्रिक काय करते आहे यावरही लक्ष ठेवावं लागलं असतं. शिवाय २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला त्यात बंदी आहे आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणं हा तिचा हक्क मानला आहे.

सरिता जिंकते कशामुळे?

सिनेमा नीट पाहिला तर एक गंमत लक्षात येते. सरिता स्वातीला मारत नाही, धुरी देत नाही, केस ओढत नाही. ती घरात येते, बघते, शांतपणे ऐकते. ‘तुला काय हवंय?’ हे विचारते. या घरात आधी काय घडलं, कोण राहत होतं, त्या बाईची आई कुठं आहे, याचा शोध घ्यायला ती विशालला पाठवते. आणि गुन्हेगार सापडतो.

म्हणजे सिनेमातल्या मांत्रिक बाईने जे केलं, ते चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाचं काम होतं. पूर्वेतिहास विचारणं, घरच्यांशी बोलणं, रुग्णाचं पूर्ण ऐकून घेणं. आणि डॉ. राजन यांना लेखकाने हेच करू दिलं नाही. त्यांचा पराभव विज्ञानाचा नव्हता, पटकथेचा होता.

यातून डॉक्टरांनाही घेण्यासारखं आहे. गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटांत चिठ्ठी हातात पडली आणि देवऋषीने मात्र तासभर समोर बसवून ऐकलं, तर घरचे पुन्हा कुणाकडे जाणार, हे उघड आहे. लोक मांत्रिकाकडे मंत्रासाठी जातात तितकेच ऐकून घेतलं जावं म्हणूनही जातात. दवाखान्याने ऐकण्याची बाजू भक्कम केली तर मांत्रिकाचं निम्मं दुकान बंद होईल.

दुसऱ्या सिनेमांनी काय केलं?

भीतीही राहील आणि डॉक्टरही हरणार नाही, असं करता येतं. १९९३ चा मल्याळम ‘मणिचित्रताळ’ आणि त्यावरून २००७ मध्ये आलेला हिंदी ‘भूल भुलैया’ हे त्याचे ठळक दाखले. तिथं मानसोपचारतज्ज्ञ हाच नायक. तो घरच्यांच्या श्रद्धेची टिंगल करत नाही, विधीचाच उपयोग करून रुग्णाला बाहेर काढतो. प्रेक्षक दोन तास घाबरतो आणि शेवटी त्याला कळतं, की ती बाई आजारी होती.

मराठीत ‘भूत’च्या पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ आला. अतुल कुलकर्णीने त्यात स्किझोफ्रेनिया झालेल्या तरुणाचं काम केलं. तो भयपट नाही, पण कुणाला न ऐकू येणारे आवाज एका माणसाला ऐकू येतात म्हणजे काय, हे त्यात आतून कळतं. भुताच्या सिनेमानंतर तो पाहिला तर आधी पाहिलेल्या कित्येक ‘झपाटलेल्या’ पात्रांकडे वेगळ्या नजरेने पाहावंसं वाटतं.

मग ‘भूत’ पाहावा का?

जरूर पाहावा, आणि हेडफोन लावून पाहावा. पहिला तास हिंदी भयपटातला अव्वल दर्जाचा आहे. उर्मिलाचं काम त्याहून वर आहे. उत्तरार्ध सैल आहे आणि निकाल चुकीचा आहे, पण बंद दारामागे एका बाईचं कुणी ऐकत नाही तेव्हा काय होतं, हे त्याने जे दाखवलं ते आजही तंतोतंत खरं आहे.

सिनेमा संपल्यावर दिवा लावला की भूत जातं. घरात कुणी खरोखरच रात्ररात्र झोपत नसेल, एकटंच बोलत असेल, घाबरून कोपरा धरून बसत असेल, तर ते दिवा लावून जात नाही. तेव्हा विशालने केलेल्या दोन चुका टाळायच्या. लपवायचं नाही, आणि ‘भास आहे’ म्हणून गप्प बसवायचं नाही. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो, मराठीतून बोलता येतं. ओळख कळण्याची भीती असेल तर दवाखान्याची पायरी चढण्याआधी इथं बोलता येईल.

आणि पिपरी मेघेतून सावंगीचा दवाखाना किती दूर आहे, हे तिथल्या कुणालाही विचारावं. ‘बाहेरचं’ पाहायला जायची वाट त्याहून लांबच निघेल.